डोक्यावरचे छप्पर आणि छातीतली धूळ
सिमेंटचे पत्रे काढताना, बदलताना घ्यावयाची काळजी

गेल्या वर्षीची गोष्ट. बुद्ध पौर्णिमा नुकतीच झाली होती आणि पाऊस तोंडावर आला होता. आमच्या वस्तीतील विहाराचे छप्पर तीस-बत्तीस वर्षांचे जुने, सिमेंटच्या पत्र्यांचे. जागोजागी तडे गेलेले. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालते, तेव्हा भगिनी घरून पातेली आणून गळतीखाली ठेवीत. वाचन एकीकडे आणि थेंबांचा टपटप आवाज दुसरीकडे, अशी दोन वर्षे काढली. शेवटी विहार समितीने वर्गणी जमवली आणि नवे लोखंडी रंगीत पत्रे घालण्याचे ठरवले.

जुने पत्रे काढायला मजूर लावायचे म्हणजे पैसा. तेव्हा वस्तीतली पोरे पुढे आली. "काका, रविवारी आम्हीच काढतो, दोन तासांचं काम आहे," म्हणाली. आम्हालाही ते पटले. रविवारी सकाळी पोरे हातोडे घेऊन वर चढली. नटबोल्ट गंजलेले, पाना लागेना. मग एकाने हातोड्याने पत्रा फोडला. तुकडे खाली धडाधड पडू लागले. पांढरी धूळ उडाली. खाली उपासिका संघाच्या भगिनी केरसुणीने ती झाडून घमेल्यात भरीत होत्या. लहान मुले तुकड्यांतले गुळगुळीत तुकडे निवडून ठिकरी खेळायला नेत होती. आणि आम्ही? आम्ही दाराशी उभे राहून वर्गणीच्या वहीत मजुरी वाचल्याची नोंद करीत होतो.

एकूण अठ्ठावीस पत्रे. त्यातील अकरा फुटून झाले होते, इतक्यात गल्लीच्या तोंडाशी काठी टेकीत तात्या आले. तात्यांनी उपनगरातल्या एका अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात बावीस वर्षे काढली आहेत. वय सत्तरीच्या पुढे. चार पावले चालले की थांबून दम घ्यावा लागतो. ते विहाराच्या आवारात आलेच नाहीत. बाहेरूनच त्यांनी हात वर केला आणि जेवढा दम होता तेवढ्याने ओरडले, "अरे थांबा! पोरांना खाली उतरवा. बायांना बाजूला करा. ती धूळ साधी नाही!"

काम थांबले. कोणी चिडले, कोणी हसले. "तात्या, जन्म या पत्र्याखाली गेला की आमचा, काय झालं?" असे एकाने विचारलेही. प्रश्न खोटा नव्हता. त्याचे उत्तर शोधण्यात आमचा पुढचा आठवडा गेला. जे कळले ते आपल्या समाजबांधवांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरावर, शाळेवर, विहारावर आजही हाच पत्रा आहे.

पत्र्यात असते काय?

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो तो निव्वळ सिमेंटचा नसतो. नुसत्या सिमेंटचा एवढा पातळ पत्रा टिकणारच नाही. म्हणून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळतात. साधारण शंभर भागांत आठ-दहा भाग हे तंतू आणि बाकी सिमेंट, राख वगैरे. अ‍ॅस्बेस्टॉस जमिनीतून निघतो. तो दगडच, पण कापसासारखा पिंजला जातो. जळत नाही, कुजत नाही, स्वस्त आहे. म्हणून शंभर वर्षे जगाने तो छपरात, पाइपात, बॉयलरच्या वेष्टणात, गाड्यांच्या ब्रेकमध्ये वापरला. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात तर जुन्या घरांच्या फरशीतही तो सापडतो. तिकडे जमिनीवर चिकटवायच्या व्हिनाइलच्या फरशा असत, त्यात आणि त्या चिकटवण्याच्या काळ्या डांबरी गोंदातही अ‍ॅस्बेस्टॉस घालीत. तिकडे जुनी फरशी उखडायची म्हटली की लोक आधी तपासणी करून घेतात. आपल्याकडे फरशी शहाबादी, कडप्पा, मोझॅक किंवा साधा कोबा. त्या फरशीची धास्ती नको. आपला अ‍ॅस्बेस्टॉस पायाखाली नाही, डोक्यावर आहे. मात्र काही घरांत जुन्या पत्र्याचे तुकडे कोब्याखाली भराव म्हणून टाकलेले असतात. तशी फरशी फोडायची वेळ आली तर पुढे सांगितलेली सगळी काळजी तिथेही घ्यावी.

या तंतूंची खोड अशी की ते उभे चिरत जातात. चिरत चिरत इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत तासन् तास तरंगतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. साधी धूळ शरीर खोकून बाहेर टाकते. हे तंतू आत रुतून बसतात.

आजार कोणते?

पहिला अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुप्फुसाला आतून व्रण पडून ते निबर होते, फुगायचे थांबते. दम लागतो, कोरडा खोकला येतो. गेलेले फुप्फुस परत येत नाही. हा आजार बहुधा वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांना होतो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. जो धुळीतही असतो आणि विडी-सिगारेटही ओढतो त्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो विरळा आहे, पण बहुतांशी अ‍ॅस्बेस्टॉसमुळेच होतो आणि थोड्या धुळीनेही झाल्याची उदाहरणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढरा, तपकिरी, निळा अशा सर्व प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. पांढरा निरुपद्रवी, असे विक्रेते सांगतात ते खरे नाही.

आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे काळ. धूळ आज, आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी. "आम्हाला तर काही झालं नाही" असे म्हणणाऱ्याचे म्हणणे म्हणूनच पुरावा ठरत नाही. भगवंतांनी कालामांना सांगितले की एखादी गोष्ट केवळ चालत आली आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. पत्र्याच्या बाबतीतही तेच करावयास हवे.

शंभर वर्षांची कथा

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे गाव आहे. तिथे नेली केर्शॉ नावाची गिरणी कामगार स्त्री अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातण्याचे काम करी. १९२४ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ती वारली. तिच्या फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले. डॉ. कुक यांनी त्याच वर्षी ही माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापली. कंपनीने मात्र जबाबदारी नाकारली आणि भरपाई दिली नाही. त्याच १९२४ साली इकडे मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. म्हणजे आपल्या चळवळीला जेवढी वर्षे झाली तेवढीच वर्षे या धुळीचा धोका जगाला छापील स्वरूपात माहीत आहे. १९३१ मध्ये ब्रिटनने या कारखान्यांतील धुळीबाबत नियम केले. पण ते तिकडच्या कामगारांसाठी. इकडे वसाहतीत ब्रिटिश भांडवलाने निघालेल्या कारखान्यांतला मजूर धूळ खातच राहिला.

१९६५ साली लंडनमधील एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. मेसोथेलिओमाचे काही रुग्ण कारखान्यात कधी गेलेलेच नव्हते. त्यात कामगारांच्या घरच्या स्त्रिया होत्या, ज्या नवऱ्याचे कपडे धूत होत्या. काही जण कारखान्याच्या आसपास नुसते राहत होते.

हे वाचून दाखवले तेव्हा तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमची ही रोज माझा ड्रेस मोरीत झटकायची. म्हणायची, काय पीठ लावून येता का तिथं? मग धुवायची. बावीस वर्षं." काकूंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. छातीत पाणी झाले होते. कागदावर टी.बी. लिहिला होता. तो टी.बी.च होता की दुसरे काही, हे आता कोणी सांगू शकत नाही, आणि आम्हीही सांगणार नाही. पण तात्या तो प्रश्न मनात घेऊन जगतात.

आपल्या मुंबईतही पाहणी झाली आहे. इथल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २२ टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस असल्याचे आढळले.

ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली. युरोपीय संघात २००५ पासून, दक्षिण आफ्रिकेत २००८ पासून बंदी आहे. शेजारच्या नेपाळने २०१५ मध्ये बंदी आणली. ज्या कॅनडाने वर्षानुवर्षे हा माल जगाला विकला त्याने २०१८ मध्ये आपल्या घरात बंदी केली. अमेरिकेने २०२४ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला. आपल्या देशात १९८६ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या नव्या खाणींना परवाने देणे थांबवले, २०१६ च्या घातक कचरा नियमांनी अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा परदेशातून आणायला मनाई केली. पण तंतू जहाजाने येतात आणि त्याचे पत्रे बनून गरिबाच्या घरावर चढतात. बंगल्यावर हा पत्रा दिसत नाही. तो दिसतो चाळीवर, झोपडीवर, गावाबाहेरच्या आपल्या वस्तीवर. आणि तो चढवायला, उतरवायला, फोडायला, त्याचा राडारोडा उचलायला जे हात लागतात तेही आपलेच असतात.

घाबरू नका, पण जागे व्हा

हे वाचून कोणी आजच घराचे छप्पर काढायला निघू नये. तीच मोठी चूक ठरेल. पत्रा अखंड आहे, तडे नाहीत, कोणी त्याला छेडत नाही, तोवर तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात आणि धोका कमी असतो. धोका वाढतो तो पत्रा फोडला, कापला, भोके पाडली, घासला किंवा तो ऊन-पावसाने जीर्ण होऊन पृष्ठभाग भुसभुशीत झाला म्हणजे. म्हणून पहिला नियम असा: धड पत्र्याला हात लावू नका, आणि हात लावायचाच तर तो न मोडता लावा.

पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा की बिनअ‍ॅस्बेस्टॉसचा हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. अलीकडे दुसरे तंतू घातलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात. तसा छापील पुरावा हाती नसेल तर राखाडी, जाड, नागमोडी पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचाच समजून वागावे.

रोजच्या वापरात एवढे पाळावे:

१. पत्र्याला ड्रिल मारू नये. दिव्याचा हूक, डिशची तार, पाळण्याची दोरी हे सगळे लाकडाला किंवा लोखंडी अँगलला बांधावे.

२. पत्रा करवतीने किंवा कटर मशीनने कापू नये. मशीनने कापताना उडणारी धूळ सर्वांत वाईट.

३. शेवाळ काढायला तारेचा ब्रश वापरू नये, जोराच्या पाण्याचा फवाराही मारू नये.

४. फुटके तुकडे मोरीचा आडोसा, चुलीचा आडोसा, कोंबड्यांचे खुराडे यासाठी वापरू नयेत. चुलीजवळ तर मुळीच नको. तापल्यावर हा पत्रा तडतडून फुटतो.

५. मुलांना तुकड्यांशी खेळू देऊ नये. ठिकरीला साधी खापरी पुरे.

६. घरात पत्र्याची भुकटी पडत असेल तर कोरडी झाडू नये. ओल्या फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बांधून टाकावे. फडके धुऊन पुन्हा वापरू नये.

७. बारीक तडा असेल तर पत्रा न घासता ओल्या कापडाने हळूच पुसून, वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. रंगाने पृष्ठभाग बांधला जातो. गळती मोठी असेल तर आख्ख्या छपरावर ताडपत्री टाकून दोऱ्यांनी खाली बांधावी. ताडपत्रीसाठी खिळे मारू नयेत.

आणखी एक धोका आहे, तो चाळीस वर्षांनी येत नाही, त्याच क्षणी येतो. सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. दरवर्षी पावसाआधी ताडपत्री टाकायला चढलेला कोणीतरी बाप, कोणीतरी मुलगा पत्रा फुटून खाली येतो. पत्र्यावर थेट पाय ठेवूच नये. खाली अँगल कुठे आहेत ते बघून, दोन अँगलांवर टेकेल अशी जाड फळी टाकून तिच्यावरूनच चालावे. शक्य असेल तर शिडी किंवा परांची लावून खालूनच काम करावे. जुना, ओला, शेवाळलेला पत्रा म्हणजे तर सापळाच.

पत्रे काढायचेच असतील तर

या कामाची सवय असलेला, काळजी घेणारा माणूस मिळाला तर त्यालाच द्यावे. पण आपल्या वस्तीत बहुधा आपणच काढतो हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून विहाराचे उरलेले सतरा पत्रे आम्ही पुढच्या रविवारी कसे काढले ते क्रमाने सांगतो. तात्या लांब खुर्ची टाकून बसले होते आणि हुकूम सोडीत होते.

आदल्या दिवशी प्रत्येक बोल्टला तेल सोडून ठेवले. शेजाऱ्यांना सांगून दारे-खिडक्या बंद करायला लावल्या. मुले, गरोदर भगिनी आणि म्हातारी माणसे त्या दिवशी दुसऱ्या गल्लीत पाठवली. विहारातील भगवंतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, ग्रंथ, सतरंज्या बाहेर नेल्या. जे नेता येत नव्हते त्यावर प्लास्टिक घातले. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरले. घराच्या बाबतीत भांडी, धान्याचे डबे, अंथरुणे आधी बाहेर काढावीत. विजेचा मेन स्विच बंद केला, कारण पाणी मारायचे होते.

काम फक्त चौघांनी केले. तोंडाला रुमाल किंवा दवाखान्यातला साधा निळा मास्क या धुळीला अडवीत नाही. बारीक कण अडवणारा पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क चांगला. तो न मिळाल्यास एन-९५ हा कमीत कमी. मास्क गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर बसत नाही. आमच्या एका कार्यकर्त्याने त्या दिवसासाठी दाढी काढली, त्यावर वस्तीत अजून चेष्टा चालते. अंगात पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, डोक्याला फडके.

बादलीभर पाण्यात थोडी साबणाची पावडर टाकली आणि फवारणीच्या पंपाने पत्रा हलक्या हाताने भिजवला. ओल्या पत्र्याची धूळ उडत नाही. मात्र तो निसरडा होतो, म्हणून वर कोणी चढले नाही. सगळे परांचीवरून केले. मग पान्याने एकेक बोल्ट सोडवला. जो सुटला नाही तो बोल्ट हॅक्सॉने कापला. बोल्ट कापायचा, पत्रा नाही, हे लक्षात ठेवावे. दहा फुटी एक पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा दोघांनी वरून आणि दोघांनी खालून धरून तो अख्खाच उतरवला. फेकला नाही, ओढला नाही, एकावर एक घासत सरकवला नाही. सतराच्या सतरा पत्रे अखंड उतरले. आदल्या रविवारी दोन तासांत अकरा फुटले होते, या रविवारी सतरा पत्र्यांना अख्खा दिवस लागला. पण धूळ उडाली नाही.

पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून चिकटपट्टीने बंद केले. वर मोठ्या अक्षरांत 'अ‍ॅस्बेस्टॉस – फोडू नये' असे लिहिले. आधीच्या रविवारचे तुकडे पाण्याने भिजवून दुहेरी पिशव्यांत भरले. पिशवी अर्धीच भरावी, नाहीतर टोकाने फाटते. पोरांनी नेलेल्या ठिकऱ्याही घरोघर जाऊन गोळा केल्या. जमीन ओल्या फडक्यांनी पुसली. केरसुणी बंद, कोरडी झाडझूड बंद. अंगावरचे कपडे तिथेच ओले करून पिशवीत टाकले. मास्क सगळ्यात शेवटी काढला. मग चौघांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि तेव्हाच घरी गेले. ते कपडे घरच्या भगिनींनी धुवायचे नाहीत, असा तात्यांचा सक्त हुकूम होता. का, ते सांगावे लागले नाही.

प्लास्टिक, मास्क, चिकटपट्टी, तेल या सगळ्याचा खर्च वहीत आहे. तीन-चार नव्या पत्र्यांच्या किमतीत भागला. मजुरी वाचल्याची आधीची नोंद मात्र आम्ही स्वतःच्या हाताने खोडली.

कचऱ्याचे काय?

हा खरा अवघड प्रश्न. पत्रे भंगारवाल्याला देऊ नयेत, कारण तो फोडूनच नेणार. नाल्यात, मैदानात, रस्त्याच्या खड्ड्यात टाकू नयेत. नेदरलँडमधील गोर गावाच्या परिसरात कारखान्याचा अ‍ॅस्बेस्टॉस कचरा रस्त्यांना आणि अंगणांना भराव म्हणून वापरला गेला, आणि पुढे तिथल्या लोकांना त्याचे भोग भोगावे लागले. तो जाळून नष्ट होत नाही.

आपण एवढे करू शकतो. नगरपालिका, महापालिकेचे वॉर्ड कार्यालय किंवा ग्रामपंचायत यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा. किती पत्रे आहेत, कसे बांधून ठेवले आहेत हे लिहावे आणि घातक कचरा म्हणून ते उचलून योग्य जागी नेण्याची मागणी करावी. एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला द्यावी. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आम्ही स्वतः कारकून आहोत. तोंडी विनंतीचे काय होते ते आम्हाला चांगले माहीत आहे. आमच्या अर्जाला पहिल्यांदा "असला कचरा आम्ही घेत नाही" असे उत्तर मिळाले. आम्ही तेच उत्तर लेखी मागितले. ते मिळाले नाही, पण तीन खेपांनंतर गाडी आली. तोपर्यंत गठ्ठे विहाराच्या मागे, मुलांचा हात पोहोचणार नाही असे झाकून ठेवले होते.

कामगार बंधूंसाठी

ज्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात, बॉयलरच्या वेष्टणावर, जहाज तोडणीत, ब्रेकच्या कामात किंवा इमारती पाडण्यात वर्षे काढली आहेत, त्यांनी दम लागत असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की "मी इतकी वर्षे या धुळीत काम केले." डॉक्टर विचारतीलच असे नाही. आपल्या वस्तीत खोकला म्हटला की टी.बी. असे समीकरण आहे. टी.बी.ची तपासणी जरूर करावी, औषध चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नये. पण औषध पुरे होऊनही दम जात नसेल तर छातीच्या तज्ज्ञाकडे जावे. आणि विडी आजच सोडावी. पंचशीलाचे पाचवे शील मद्याबरोबर विडीलाही लावावे, असे आमचे मत आहे.

हक्काची बाजूही लक्षात ठेवावी. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यातील जो काळ नंतर संपेल तोवर जपण्यास सांगितले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि पुढे त्यांनीच घटनेच्या मसुद्याचे काम पार पाडले. त्यांच्या घटनेतील एका कलमाच्या आधारावर हा निकाल उभा आहे. म्हणून कामाचे जुने कार्ड, पगाराची चिठ्ठी, ई.एस.आय.चे पुस्तक, एक्स-रे यातले काही फेकू नका. तात्यांची ट्रंक उघडली तेव्हा त्यात हजेरीचे कार्ड निघाले. त्यावर कारखान्यातील खाते आणि वर्षे लिहिलेली आहेत. ते कार्ड घेऊन आम्ही त्यांना तपासणीसाठी नेले. पुढची कागदपत्रे चालू आहेत.

एक नोंद

आता त्या पहिल्या रविवारविषयी. त्या दिवशी धुळीत जी पोरे होती, ज्या भगिनी होत्या, जी मुले होती, त्यांचे काय? आम्ही डॉक्टरांना विचारले. एका दिवसाच्या धुळीने आजार होण्याची शक्यता फार थोडी, असे ते म्हणाले. पण आज कोणतीही तपासणी करून त्याचे उत्तर मिळत नाही आणि गेलेली धूळ परत बाहेर काढता येत नाही. विडी-सिगारेट टाळा आणि पुन्हा असे करू नका, एवढाच सल्ला.

त्या रात्री विहार समितीची बैठक झाली. आम्ही चूक कबूल केली. मजुरी वाचवण्याच्या नादात आम्ही आपल्याच लेकरांना त्या धुळीत उभे केले होते. जीवहिंसा करणार नाही असे आपण रोज म्हणतो. अजाणता केलेल्या हानीचाही त्यात विचार केला पाहिजे, असे एक उपासिका म्हणाल्या. मग समितीने ठरवले आणि आम्ही विहाराच्या कायम नोंदवहीत लिहिले. तारीख, वार, किती पत्रे फुटले आणि त्या वेळी आवारात कोण कोण होते, त्या सर्व लहानथोरांची नावे व वये. खाली तात्यांची साक्षीदार म्हणून सही. चाळीस वर्षे ही वही जपायची, असा ठराव झाला. न्यायालयाने कारखान्यांना जे सांगितले ते आम्ही आमच्या वस्तीला लागू केले. उद्या यातल्या कोणाला दम लागला तर त्याच्या डॉक्टरला सांगायला निदान एक कागद असेल. काकूंच्या वेळी तो नव्हता.

नव्या छपराखाली यंदाचा वर्षावास कोरडा गेला. लोखंडी पत्रा दुपारी तापतो, त्याची तक्रार आहे. आतून छत टाकायला पुन्हा वर्गणी काढावी लागेल. तात्या जमेल तेव्हा येऊन दाराशी बसतात.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. यंदा पावसाआधी तुमच्या गल्लीत कोणी हातोडा घेऊन सिमेंटच्या पत्र्यावर चढताना दिसला तर हा अंक त्याच्या हातात द्या. वाचायला वेळ नसेल तर तीनच गोष्टी सांगा. फोडू नको, भिजवून काढ, वरून चालू नको.

जयभीम!